थंड टाकी

थंड म्हणजे इथे दोनशे नव्वद अंश.
नोल्फा कोल्के आता या शब्दाला हसत नाही,
पहिल्या आठवड्यात हसली होती.
गरम टाकीत पाचशे पासष्ट,
आणि दाराच्या फटीपलीकडे
अटाकामाची रात्र, शून्याखाली चार.

दिवसभर दहा हजार आरशांनी माना वर करून
एकाच मनोऱ्याच्या कपाळाला ऊन टेकवलं.
वितळलेलं मीठ वर चढलं, तापलं, उतरलं
आणि टाकीत गप्प बसून राहिलं,
पोटात गोष्ट ठेवलेल्या माणसासारखं.
आता आरसे आडवे झालेत.
त्यांच्या रांगांतून धुणारी गाडी फिरते,
पाणी हात राखून वापरत.

हे मीठ खायचं नव्हे. हा सोरा.
याच वाळवंटातला,
तिच्या पणजोबाने, एलेउतेरिओने, घणाने फोडलेला.
मजुरी म्हणून मिळायचे पत्र्याचे बिल्ले,
ते चालायचे फक्त कंपनीच्याच दुकानात:
पीठ, चहा, मेणबत्त्या.
त्यातला एक नोल्फाच्या किल्ल्यांना अडकवलेला आहे,
त्याचं आज काहीच येत नाही.
सोरा पोत्यांतून बंदराला जाई, तिथून समुद्रापार,
कुणाच्या गव्हात, कुणाच्या तोफेत,
एलेउतेरिओला कुणी कळवलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटं.
पडद्यावर एक नळी पिवळी होते.
दोनशे एकोणसाठ.
दोनशे चोपन्न.
दोनशे चाळिसाच्या आसपास हे मीठ गोठतं,
गोठलं की नळीत दगड,
आणि दगडातून उद्याचा दिवस पुढे सरकत नाही.
बाल्दोमेरो पान्यांची पेटी उचलतो.
दोघं धावत नाहीत, या उंचीवर धावलं की छाती भरून येते.
हिवाळी कोट, कपाळावर दिवे,
अडीचशे अंशांवर भरलेली हुडहुडी शोधत निघतात.

नळीभोवतीची तापती तार निवली होती.
खटका पडला होता, एवढंच.
वर केला. पुन्हा पडला.
बाल्दोमेरोने करपलेला तुकडा कापला, नवा जोडला,
देवाच्या आईचं नाव घेतलं,
एकदा भक्तीने, एकदा शिवीत.
दोनशे सत्तेचाळीस.
मग बराच वेळ काही नाही.
नोल्फा हात काखेत खुपसून वाऱ्याला पाठ करून उभी.
दोनशे सत्तेचाळीस.
दोनशे सत्तेचाळीस.
दोनशे अठ्ठेचाळीस.

माझ्या भाषेत म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
तिला ही म्हण माहीत नाही.
ती जागते न खाल्लेल्या मिठाला, रात्री नऊ ते सकाळी सात.
आणि मीठ जागतं
खाल्ल्या उन्हाला.

खाली गावात कुठल्याशा भट्टीत पाव फुगत असतील.
इस्पितळात कुणीतरी बटण दाबून
नर्सला बोलावत असेल.
दिवा कशावर जळतो हे कुणी विचारत नाही,
विचारायची वेळ येऊ नये
म्हणूनच तर ही तार, हा खटका, ही शिवी.

परतताना जोडावर दिसते ठिबकून थिजलेली पांढरी खपली.
नोल्फा हातोडीने ती हलकेच उडवते.
मनगटात तो हिसका कुठून आला
तिचं तिलाच कळत नाही.
तुकडा निवतो, मग खिशात जातो,
बिल्ल्याशेजारी. हे नियमात बसत नाही.

सातला आरसे हलू लागतात,
आधी पूर्वेकडची रांग, मग बाकीच्या, जरा आळसावत.
बस. घर.
मुलगा शाळेला निघालाय, त्याचा एक बूट सापडत नाही.
बूट सापडतो. दार लागतं.
ती टोमॅटो चिरते, वर मीठ भुरभुरते,
हे दुसरं, खायचं,
पावाबरोबर उभ्यानेच खाते,
आणि खिडकीवर जाड घोंगडी ओढून
सूर्याला बाहेर ठेवते.