पाण्याची पावती

फोन आला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.
रजिस्टरात मी तेवढंच लिहिलं.
दस्तगीर एक बूट चढवत म्हणाला, कुठं?
आंबेहोळ. काजूचा कारखाना.

आंबेहोळ पलीकडं.
त्यांचा बंब यायचा तर दीड तास,
आमचा पंचवीस मिनिटांत.
हद्द विचारावी तर साहेब झोपलेले,
आणि शिवलिंगप्पानं गाडी फाटकाबाहेर काढलीसुद्धा.

काजूच्या टरफलात तेल असतं.
ते पेटलं की धूर डोळ्यांवर थांबत नाही,
कातडीत उतरतो.
पाणी मारावं तर आग पाण्यावर बसून
पुढं चालायला लागते.
हे सगळं मला मागाहून कळलं.
मी इथं, वायरलेसपाशी, खरखर ऐकत.

टाकी बारा मिनिटांत कोरडी.
मग भागव्वाची विहीर.
ती म्हणे बॅटरी घेऊन काठावर उभी होती, पहाटेपर्यंत,
आणि एकच सांगत होती,
घ्या की. गाळ लागंपर्यंत घ्या.

तिथून पुढं माझं काम.

डिझेल, अठ्ठ्याहत्तर लिटर.
फेसाचे डबे, सहा.
होज एक, कुंपणाच्या तारेवर फाटलेला.
दस्तगीरची डावी भुवई
(हे पेन्सिलीनं लिहिलं, मग खोडलं).

बिल कन्नडात केलं.
माझं कन्नड नोकरीनं शिकवलेलं,
चाळिशीत, परीक्षेला बसवून.
बेंकी लिहिताना अजून हाताला काही होत नाही,
आग लिहिताना पोळतं.

डीसी ऑफिसनं बिल पलीकडं धाडलं.
पलीकडच्या कलेक्टर कचेरीनं मराठी प्रत मागवली.
ती मीच केली.
मराठी प्रत मुळाबरहुकूम आहे
असा दाखला इकडून हवा होता.
तोही मीच टाईप केला.
एकाच खुर्चीत बसून
एका बाईनं दुसरीला खरं ठरवलं.

साल उलटलं. फाईल परत आली, दोऱ्यासकट.
शेरा : पाण्याचा स्रोत कोणता?
विहीर कोणत्या राज्यात?
मालकाची पावती जोडावी.

रविवारी एस्टीनं गेले.
हद्दीचा दगड विहिरीच्या काठातच चिणलेला,
त्यावर धुणं वाळत होतं.
भागव्वा म्हणाली, पायऱ्या तुमच्यात, रहाट त्यांच्यात.
आणि पाणी?
पाणी खाली हाय.

पावतीचं काढलं तशी ती माझ्याकडं बघतच राहिली.
विस्तवावर पाणी वतायचं
आणि त्याचं पैसं घ्यायचं?
माझी सासू असती तर तुला उंबऱ्याच्या आत घेतली नसती, बाई.
मग तिनं चहा ठेवला.
बशीत फुंकर मारत विचारलं,
त्या पोराची भुवई आली का गं?

आली, म्हटलं.
जरा वाकडी आली.

मग झालं की.

मी परत येऊन लिहिलं :
पाणी, शून्य रुपये.
दोन महिन्यांनी उत्तर आलं,
शून्याची पावती जोडावी.

फाईल आता कपाटावर आहे, कपाटात मावत नाही.
नवा होज आम्ही वर्गणी काढून घेतला,
शिवलिंगप्पानं दोनशे जास्त घातले
आणि कुणाला सांगू नको म्हणाला.

काल रात्री पुन्हा फोन. तीन चाळीस.
कुठलंसं गाव, उसाचा फड, बाईचा आवाज,
अर्धं कन्नड, अर्धं आमचं,
मधे कुत्री भुंकत होती.
मी वेळ लिहिली.
नव्या रजिस्टरात गावापुढं एक रकाना वाढलाय, हद्द.
तो मी
गाडी परत आल्यावर भरते.