उघाडी

रबाळ्यात रात्रपाळीला आम्ही तिघं,
भर एप्रिलात स्वेटर घालून.
समोर भिंतभर एक आलेख,
त्याच्याकडे बघत डबा खायचा.

आज फायनल.
साडेसातला रेष उठली, आठला चढली,
दहाला इर्शादचा घास हातातच राहिला.

लोक विचारतात, देशाचं नेट एवढा भार झेलेल का?
देश मला इथून दिसत नाही.
दिसतो एक आकडा,
श्वास रोखलेल्या सगळ्या खिडक्यांचा मिळून.

ही इमारत आहे तिथे आमचं खारं शेत होतं,
सिडकोनं घ्यायच्या आधी.
आबा चिखल थापून बांध घालायचा.
खाडी तिकडे खाली, गुडघाभर.
एवढा उंच कशाला, मी विचारलं होतं.
‘रोजच्या पान्याला नाय बांधीत गो.
वर्साला दोनदा येतं, त्या उधानाला बांधतान.’
बाकीचे दिवस त्यावर शेळ्या चढायच्या.

दर तिमाहीला हिशोबवाले विचारतात,
एवढी क्षमता रिकामी का?
मी शेळ्यांचं सांगत नाही.

शेवटचं षटक.
चढत्या रेषेची भीती नसते.
सपाट झाली की घाबरायचं:
पाणी काठाला लागलंय,
आणि मागून किती येतंय
ते दिसायचं बंद झालंय.

झाली सपाट.

साहेबांचा फोन लागेना.
मी कुणाला न विचारता
सगळ्यांची चित्रं एक पायरी खाली उतरवली.
गवताची पाती गेली, चेंडूची शिवण गेली,
पाठीवरची नावं पुसट झाली.
चेंडू राहिला.

बांधाच्या पोटात एक दार असतं, उघाडी.
उधाण डोईवर आलं की आबा कंदील घेऊन जायचा,
फळी उचलायचा,
कोपऱ्यातलं भात बुडू द्यायचा.
सकाळी आई त्याच्याशी बोलायची नाही.
बांध असायचा.

रेष हलली. थोडी.
इर्शाद म्हणाला, ‘शिव्या सुरू झाल्या.’
जिंकलं कोण, ते आम्ही विचारलंच नाही.

मग गोठिवलीहून फोन,
‘पोरी, टीवी धुवट दिसतंय. डोले गेले का माझे?’
नाही आबा. मी फळी उचलली.

पलीकडे बराच वेळ नुसते फटाके.
मग हळूच,
‘भात कवरं बुरलं गो?’