निवळी

पहिली बाटली पेजेसारखी.
दुसरी, पावसातल्या खाडीसारखी.
तिसरी हरेश्वरने दिव्यापुढे धरली आणि म्हणाला,
यात कोळंबी सोडली तर जगेल.

नाचणीला मोड आणतो, वाळवतो, भरडतो.
शेवटच्या जहाजावरून उतरताना आणलेली हॉप्सची वाळकी फुलं
चिमटीचिमटीने पुरवतो.
बत्तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढल्यावर
रात्री काहीतरी ऐकू यावं लागतं माणसाला,
आणि हर्णैच्या या दोन खोल्यांत
बरणी बुडबुडते, छान बुडबुडते.
निवळत मात्र नाही.

आई रांजणाला आतून निवळीचं बी घासायची,
सकाळी तळाशी पडलेली सुई दिसावी असं पाणी.
ते बी दापोलीहून आणलं, घासलं.
पाणी असतं तर निवळलं असतं.
मग तुरटी.
त्याबद्दल बोलायला नको,
आतून दाढी केल्यासारखं झालं दोघांचं तोंड,
तरी हरेश्वरने पेला खाली ठेवला नाही.

लिलाव उरकून भागीमावशी चोगले टोपली धूत होती.
हात न थांबवता म्हणाली, भोत घाल.
माझा आजा कस्टमच्या साहेबाची दारू असाच निवळायचा.
घोळीचा नको हां, तो सोन्याच्या भावाने जातो.
शिंगाळ्याचा घे. त्याला कोण विचारतंय.

माशाला पाण्यात तरंगत ठेवते ती पिशवी,
आणि मी तिला सांगणार,
बाई, सगळं घेऊन खाली बस.

वाळवला. कातरीने बारीक केला.
लिंबाच्या पाण्यात तीन दिवस, लापशी होईपर्यंत.
बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी उधार,
होडीवरच्या फुटक्या खोक्यात बरणी,
खोक्यावर खडूने लिहिलं: हात लावू नये.
घरात मी एकटाच असतो.

पाचव्या दिवशी झाकण काढलं.
काचेपलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर
मी बिअरमधून वाचलं:
अष्टमी. भांग. शेजारी माझ्याच अक्षरात, गॅस.

हरेश्वर आला. पेला हातात दिला, दिव्याकडे वळवलं त्याला.
बघ.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, मला काय रे,
तुझं तोंड आणि समोरचा सुवर्णदुर्ग, दोन्ही पेजच.
दोन वर्षं झाली. डावा तर गेलाच समज.

मग आजवर दिव्यापुढे धरून काय बघत होतास?

तू बघायचास म्हणून.

चव घेतली त्याने. आधीची बरी होती म्हणाला,
हिला अंग नाही.

तळाचा गाळ मी टाकलेला नाही,
पुढच्या खेपेचं विरजण त्यातच असतं.
गुरुवारी सातच्या एसटीने त्याला दापोलीला नेतोय,
डोळ्यांच्या डॉक्टरकडे.
एक बाटली बाजूला ठेवलीय, पट्टी सुटल्यावरची.
त्याला सांगितलं तर म्हणाला,
तोवर पुन्हा गढूळ झाली
तर मला सांगू नको.