शंकेचा रकाना

देवगडच्या बर्फाच्या कारखान्यात माझी पाळी रात्रीची.
कॉम्प्रेसर एकदा सुरात लागला
की दर तासाला गेज बघायचा, एवढंच.
मधल्या वेळात गच्ची.
पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, ताडपत्रीखाली,
सहा इंची दुर्बीण.

हंसाच्या पंखाशेजारी एक जोडी आहे.
आहेत दोघं, दिसतो एक ठिपका.
एक विझलेला, पृथ्वीएवढाच, पण भयंकर जड.
दुसरा अजून पेटता, आणि नको इतका जवळ.
पेटत्याचा वायू ओढला जातो,
भोवती फिरत फिरत साठतो,
खाजणाच्या उघाडीमागे पाणी तुंबावं तसा,
आणि एका रात्री फळी सुटते.

आमच्या समुद्राच्या उधाणाला तिथी असते.
अवस, पुनव. अष्टमीच्या आसपास भांग.
शेंबडं पोरही सांगेल.
या ताऱ्याचं उधाण कुठल्याच पंचांगात नाही.
महिना, दीड महिना, कधी दोन.
म्हणून कुणीतरी रोज बघावं लागतं.

शेजारच्या ताऱ्यांशी ताडून आकडा लिहायचा.
हिशोब उलटा: आकडा उतरला की तारा चढला.
लाद्यांच्या वहीतच, मागच्या पानांवर:
बारा. बारा. अकरा पूर्णांक नऊ. बारा. ढग.
ढग. ढग.
हंस ऐन डोक्यावर येतो तेव्हाच
आमचं आभाळ बंद, होड्या बंद, कारखाना बंद.

क्ष-किरण म्हटलं की इथे कणकवलीच्या दवाखान्यातली काळी फिल्म,
बाबल्या जुवाटकराच्या मोडलेल्या खुब्याची.
ताऱ्याचे क्ष-किरण खाली येतच नाहीत.
हवा गिळते. बरंच आहे, नाहीतर आपण नसतो.
ते टिपायला एक दुर्बीण वर फिरते.
तिला शंभर कामं. तिची मान वळवायला
खालून कुणाचा तरी निरोप लागतो.
उधाण आधी उजेडात दिसतं,
साधारण दिवसाभराने क्ष-किरणांत.
आणि उजेड कळसाला जात असतानाच
कडक क्ष-किरण दोन-चार तासांत बसतात.
बघायचं असतं ते त्या फटीतून.

दिवाळी होऊन तिसरा आठवडा.
हंस वायव्येला कललेला, समुद्राच्या अंगाला.
क्षितिजावर एलईडीच्या बोटी, पांढऱ्याफटक,
जसा पाण्यावर कुणी लग्नाचा मांडव घातलाय.
डोळा लावला: अकरा पूर्णांक एक.
म्हटलं, बोटींचा उजेड.
म्हटलं, भिंगावर खारं दंव. पुसलं.
अकरा पूर्णांक एक.
खालून हाक, "आभाळात काय बघतंस रे? गाडी इली!"
तारामुंबरीचा टेम्पो, चाळीस लाद्या.
हात गारठलेले, त्याच हातांनी वहीत लिहिलं: बारा.

ते बारा अजून तिथेच आहे. खोडलेलं नाही.

दुसऱ्या रात्री नऊ. तेव्हा कळवलं.
बंगळूरहून तेनमोळीबाईंचं उत्तर पहाटे तीन चाळीसला:
दुर्बीण वळवली. उजेड भरपूर.
क्ष-किरण मात्र आम्ही पोचायच्या आत बसले होते.
पुढच्या वेळी शंका असली तरी पाठवा.
खाली, आभार.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
तिकडे सुटलेली फळी
पावणेचारशे वर्षं वाट चालून आली
आणि माझ्या गच्चीवर येऊन
एक रात्र खोळंबली.

आता वहीत एक रकाना वाढवलाय, शंकेचा.
त्यात बोटी, दंव, झोप, टेम्पोची हाक,
सगळं लिहितो.
आकडा दिसला तसा.

काल: अकरा पूर्णांक सात.
शंका: कॉम्प्रेसर हादरत होता, तारा की गच्ची, कळेना.
पाठवलं.