पौडच्या पुढे

पुलाखालची वाट आता बंद.
पत्र्याचं फाटक, आत तीन फार्महाऊस
आणि एक कुत्रं, जे मी बिस्किटांवर फितवलंय.
घाणेरीत सदरा फाडत उतरतो मुळेकाठी.

आधी पाणी बघायचं.
धरणातून काल सोडलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
असल्या पाण्यात खडस खडकाआड
धारेकडे तोंड करून उभी असते,
दगडू मल्हाव सांगायचा.
त्याला परवाना ठाऊक नव्हता.
पण अंड्यांवरची मादी हाती लागली
की तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा
आणि सोडून द्यायचा.
माशाला कान कुठे, मी विचारलं होतं. हसला नुसता.

माझ्या खिशात परवाना आहे, शिक्क्यासकट,
प्लास्टिकच्या पिशवीत.
एकच गळ. वीतभराखालची सोडायची.
आषाढ-श्रावण बंद.
आज ज्येष्ठातला शेवटचा रविवार.

ओढ बसली.
दोरी नाही, मनगटच गेलं खोल.
वर आली तेव्हा सोनेरी खवल्यांखाली
पोट टच्च.
कागदावर अजून चार दिवस माझे होते.

पाण्यातच काटा सोडवला.
ओणवा झालो, तोंड तिच्या डोळ्यापाशी नेलं,
आणि काय म्हणायचं असतं
तेच कळेना.
तिने शेपटीने पाणी मारलं तोंडावर.