दर अकरा मिनिटांनी

क्लाइपेडाच्या बंदरात रात्रपाळीला
मी समुद्र पाहत नाही.
तो खिडकीबाहेर असतो, काळा, बर्फाच्या कण्यांनी खरखरीत,
आणि मी तीन पडद्यांसमोर,
जिथे बंदर बोलताना दिसतं :
क्रेन वखारीशी, वखार कचेरीशी,
कचेरी हांबुर्गशी,
शीतगृह रात्रभर स्वतःशीच.

काय बोलतात ते मला कळत नाही.
पाकिटं बंद असतात. असावीतही.
मला दिसतं फक्त कुणाचं, कुणाला, केव्हा, किती जड.
एवढ्यावर पुष्कळ ओळखता येतं.
सातव्या क्रेनवरचा माणूस रात्री दोन वाजता
अर्धा तास कुणाला तरी चेहरा दाखवतो,
पलीकडचा पत्ता आयर्लंडचा.
त्या ओळीवर मी बोट ठेवत नाही.
पाहणं माझं काम, डोकावणं नव्हे,
आणि मधली भिंत मलाच रोज रात्री
नव्याने लिंपावी लागते.

केस्तुतिस, आमचा साहेब, म्हणायचा : तटबंदी पक्की आहे, आत सगळे आपलेच.
तटबंदीवर त्याने इतका पैसा घातला
की आतल्या गल्ल्यांत दिवे लावायला उरलाच नाही.
(वाहतूक टिपणारे सेन्सर ते. मी दिवेच म्हणते.)
चार मागितले होते.
तीन वर्षं भांडून दोन मिळाले.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुसरा लागला
आणि दिसलं :
कुणीतरी दर अकरा मिनिटांनी
बाहेर चिमूटभर काहीतरी पाठवतंय.
चिमूटभरच.
मुंगी साखर नेते तसं.
ना घाई, ना चूक, ना रविवार.
माणूस असा नसतो. माणूस खोकतो,
कॉफीला जातो, उशीर करतो.

आमच्या यादीत चारशे बारा यंत्रं,
प्रत्येकाला नाव, खोली, जबाबदार माणूस.
हे त्यांतलं नव्हतं.

मग पडदा सोडला आणि वायर धरून निघाले.
स्विचमागून स्विच, टॉर्च दातांत,
थेट दोन नंबरच्या फाटकाशी,
जुन्या वजनकाट्याच्या खोपटात,
जिथून मी रोज डबा घेऊन आत येते.
सहा वर्षं. रोज.

कपाटामागे एक धुळकट खोकं, पंखा घरघरतोय.
वर चिकटपट्टी, निळी शाई :
बंद करू नका. वैदोतास.

वैदोतास निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
वायर कशी वळायची, कुठे शंका घ्यायची,
त्यानंच शिकवलं मला.
पहाटे चारला फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला.
"अजून चालतंय?" म्हणाला,
आणि आवाजात बापाचा अभिमान.
ट्रकवाल्यांना थंडीत ताटकळायला नको
म्हणून वजनाचे आकडे परस्पर कचेरीत पाठवायचं ते.
कचेरीनं ते वाचणं कधीच सोडलं होतं.
रिकाम्या घरात कुणी शिरावं, चूल पेटवावी,
तसं कुणीतरी राहायला आलं होतं त्या खोक्यात.
हे मी त्याला सांगितलं नाही.
गुडघा कसा आहे, एवढंच विचारलं.

प्लग लगेच उपटला नाही.
खोपटात खुर्ची ओढून बसले, मांडीवर लॅपटॉप,
आणखी अकरा मिनिटं.
ते कुठे जातं, वाटेत आणखी कुणाला हाक मारतं,
ते नीट पाहून घेतलं.
मग उपटला.
पंखा हळूहळू थांबला. इतका हळू
की मला उगाच वाईट वाटलं.

सकाळी केस्तुतिसने एकच विचारलं :
"कधीपासून?"

दिवा लागण्याआधीच्या रात्री
कुणी लिहून ठेवलेल्या नसतात.

यादीत चारशे तेरावी ओळ घातली.
नाव : वजनकाटा. खोली : खोपटं.
जबाबदार माणूस : तिथे माझं नाव लिहिलं.
कधीपासून, हा रकाना
अजून रिकामा आहे.