चतुःसीमा

घरपट्टीच्या रजिस्टरात मी सव्वीस वर्षं
पन्हाळ्यावरच्या घरांच्या चार बाजू लिहिल्या.
पूर्वेस रस्ता, दक्षिणेस गटार,
पश्चिमेस बंडोपंत वडणगेकरांचं परडं,
उत्तरेस तट.
तटापुढं काय, हे लिहायला रकाना नव्हता.

तटापुढं हवा.
मग शे-दोनशे पुरुष खोल ऊस,
आणि गळीत सुरू झालं की
काहिलीतल्या रसाचा वास
नाका चुकवून गडावर येतो,
पावती न फाडता.

जुलैत कागद फुगायचे.
धुकं खिडकीतून आत येऊन
समोरच्या खुर्चीत बसायचं, कामच असल्यासारखं.
बाळकू शिपाई विचारायचा,
"भाऊसायेब, चहा दोन सांगू का तीन?"

असल्याच एका दुपारी हाजराबी मुजावर आल्या,
पदरानं चेहरा पुसत.
"आमच्या जोत्याला दगुड हाय, त्यो घाला की कागदात."
कसला दगड?
"चार दरवाजाचा. इंग्रजानं पाडला तवा
सासऱ्याच्या आज्यानं एक उचलून आणला.
कमळ हाय त्याच्यावर. पन उलटं बसलंय.
गवंडी म्हनला, असंच बसतंय."

मी म्हणालो, मावशी,
पट्टी चौरस फुटावर असते, कमळावर नसते.
"मग वाढवा की चार रुपय," त्या म्हणाल्या,
"पन लिवा."

लिहिलं नाही. नियमात नव्हतं.

पण त्या संध्याकाळी घरी जाताना
मान खालीच राहिली.
गिरणीच्या पायरीत एक घडीव कोपरा,
गवळ्याच्या गोठ्यात गव्हाणीखाली दुसरा,
शाळेमागच्या नळाला धुण्याचा दगड,
त्यावर वेलीचं अर्धं पान,
बाकीचं अर्धं साबणानं खाल्लेलं.
अख्खा दरवाजा गावभर उभा होता,
गुडघ्याएवढा.
त्यातून मी रोज आत-बाहेर करत होतो
आणि वीस वर्षं मला ठेच कशाची लागते ते कळलं नव्हतं.

आता लोक गाड्या घेऊन येतात,
तीन दरवाजापाशी फोटो काढतात,
झुणका-भाकर खाऊन, दह्याचं मडकं चाटून पुसून
उजेड असेतोवर उतरतात.
त्यांचं बरोबर आहे. उभं असतं तेच दिसतं.

चार्ज द्यायच्या दिवशी
मुजावरांचं पान काढलं.
हाजराबी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं:
कमळ, नग एक. उलटं.

नवा पोरगा कारवेचा, हुशार. वाकून वाचलं त्यानं.
"सर, याची आकारणी?"

खाली गुऱ्हाळं पेटली होती.
मी टोपी शोधत राहिलो.